कॅलरी कमी करा, पण डाळ कमी करू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हल्ली प्रोटीनबद्दल आणि वजन उतरवण्याबद्दल बरंच छापून येतंय, ते चांगलंच आहे, पण ते वाचून आणि मोबाईलवरच्या जाहिराती बघून माणसं माझ्या दुकानात येऊन काय विचारतात आणि शेवटी काय घेऊन जातात ते रोज डोळ्यासमोर बघतोय, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. बेळगावच्या वडगावात आमचं किराणा दुकान आहे, वडिलांपासनंचं. गिऱ्हाईक म्हणजे मागावर काम करणारी घरं, उद्यमबागला कारखान्यात जाणारी पोरं, येळ्ळूर-धामणे भागातनं येणारी शेतकरी माणसं. कुणाच्या घरात महिन्याला किती डाळ जाते, किती तेल जातं, बिस्किटाचे पुडे किती जातात हे यादीवरनं कळतं. आणि त्या यादीवरनं मला एक गोष्ट दिसायला लागलीय की घरात कुणाला शुगर निघाली, बीपी निघालं, डॉक्टरनी वजन उतरवा म्हणून सांगितलं की पुढच्याच यादीत त्या घरची डाळ उतरते. तांदूळ थोडा कमी होतो, मान्य आहे, पण डाळ आणि कडधान्य त्याच्यापेक्षा जास्त कमी होतं आणि त्याच्या जागी येतं काय तर ओट्सचं पाकीट, मारी बिस्कीट, डायट चिवडा आणि ग्रीन टी.

हे सगळं उलटं चाललंय. कॅलरी कमी करायच्या तर भात, चपाती, तेल, साखर, फरसाण यात हात आखडावा. डाळ, उसळ, अंडं, ताक यात आखडू नये, तिथं उलट थोडं वाढवावं. आणि त्यासाठी खिशाला झेपणार नाही असं काही लागत नाही, इथल्या रविवार पेठेत डाळी-कडधान्याची पोती भरून ठेवलेली असतात.

आमच्या ओळखीतल्या एक काकू आहेत, पन्नाशी ओलांडलेल्या. वजन उतरवायचं म्हणून सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी एक चपाती आणि भाजी, रात्री पाकिटातलं सूप असं त्यांनी चालवलं. वजन उतरलं, नाही असं नाही. पण जिना चढताना धाप लागायला लागली, कळशी उचलताना हात थरथरायला लागले, केस गळायला लागले, आणि एक दिवस दुकानात येऊन विचारतात, भाऊ, ताकदीची पावडर कुठली ठेवलाय काय? आता पोटात अन्न कमी आणि त्यात प्रोटीनपण कमी म्हटल्यावर शरीर नुसती चरबी खात नाही, दंडा-मांड्यांचं मांसपण खातं. काट्यावर आकडा खाली येतो आणि माणसाला वाटतं जमलं. वय झालेल्या माणसाला तर हे फार महागात पडतं, कारण उतारवयात गेलेलं मांस परत भरून यायला फार त्रास होतो, मग तोल जातो, पडणं होतं.

या काकूंना एका दवाखान्यात डायटचा छापील कागद दिला होता. तो घेऊन त्या माझ्याकडे आल्या होत्या, वाचून दाखव म्हणून. सगळा इंग्रजीत. आत किनोआ, ॲव्होकॅडो, ग्रीक योगर्ट, ब्रोकोली, बदामाचं दूध. मी दुकानदार असून यातल्या निम्म्या वस्तू माझ्याकडे नाहीत, आणि काकूंच्या घरी दोघं जण मिळून महिन्याला जेवढा किराणा भरतात तेवढ्यात हे आठवडाभरपण पुरणार नाही. आपल्या सीमाभागात दवाखान्याचा कागद इंग्रजीत मिळतो नाहीतर कन्नडमध्ये, मराठीत क्वचित. भाषेचा वाद मला या पत्रात आणायचा नाही, पण जेवणाचा कागद तरी जेवणाऱ्याला वाचता आला पाहिजे की नाही, आणि त्यात त्याच्या घरातल्या डब्यातलं काहीतरी असलं पाहिजे की नाही?

आता लागतं किती ते बघू. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, ज्याला सगळे एनआयएन म्हणतात, त्यांनी २०२० साली ठरवून दिलंय त्याप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या गड्याला ५४ ग्रॅम. बसून काम करणाऱ्या बाईला कॅलरी लागतात १६६०, गड्याला २११०. हे आकडे बघून कुणी म्हणेल की एवढं तर सगळेच खात असतील, आणि सरकारी आकडे काढून बघितले तर तसंच दिसतं. केंद्राच्या घरखर्चाच्या पाहणीत २०२३-२४ साली खेड्यात माणशी रोज ६१.८ ग्रॅम आणि शहरात ६३.४ ग्रॅम प्रोटीन येतंय. सरासरी चांगली आहे. पण त्यातलं खेड्यात जवळजवळ निम्मं आणि शहरात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रोटीन धान्यातनं येतंय, म्हणजे भात, गहू, ज्वारी यातनं. गोम इथंच आहे. ज्याने शुगरसाठी भात-भाकरी अर्धी केली त्याच्या प्रोटीनचा मोठा हिस्सापण त्याबरोबर गेला, आणि त्याच वेळी आमटी पातळ केली तर मग राहिलं काय?

शिवाय धान्यातलं प्रोटीन एकटं पुरं पडत नाही. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यातलं लायसिन धान्यात कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं, आणि मेथिओनिन नावाचा दुसरा घटक डाळीत कमी असतो तो धान्यात मिळतो. म्हणून पिठलं-भाकरी, वरण-भात, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ या जोड्या आपल्याकडे आहेत त्या बरोबर आहेत. दोन्ही एकाच घासात पाहिजे असंही काही नाही, दिवसभरात पोटात गेलं म्हणजे झालं. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. एनआयएनने २०२४ साली नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात २००० कॅलरीच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम आणि डाळ-कडधान्य ८५ ग्रॅम धरलंय, कच्चं वजन. आता ८५ ग्रॅम म्हणजे चार माणसांच्या घराला महिन्याला दहा किलो डाळ-कडधान्य झालं. माझ्या वहीत चार माणसांच्या घराची यादी बघितली तर तूर, मूग, मसूर, हरभरा, मटकी सगळं धरून तीन किलो, फार झालं तर चार. तूरडाळ महागली की अडीच. तांदूळ मात्र ठरलेला, त्यात रेशनचा वेगळा. मटण-अंडी खाणाऱ्या घरात ही तूट थोडी भरून निघते, शाकाहारी घरात निघत नाही.

बजेटचं बोलू, कारण लोक म्हणतात प्रोटीन महाग आहे. मी दुकानातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलंय की दहा ग्रॅम प्रोटीन पाहिजे तर कशातनं किती रुपयांना पडतं आणि त्याबरोबर किती कॅलरी पोटात जातात. भाव वरखाली होतात, माझ्याकडचे साधारण भाव धरून सांगतो. तूरडाळ १२० रुपये किलो धरली तर दहा ग्रॅम प्रोटीनला साडेपाच रुपये आणि १५० कॅलरी. हुलगा, म्हणजे कुळीथ, ८० रुपयांनी धरला तर पावणेचार रुपये, कॅलरी तेवढ्याच. शेंगदाणे सव्वापाच रुपये, पण कॅलरी सव्वादोनशेच्या वर, कारण निम्मं तेल असतं त्यात. अंडं सात रुपयाला धरलं तर अकरा रुपये आणि ११५ कॅलरी. नंदिनीची निळी पिशवी म्हणजे टोन्ड, साय कमी केलेलं दूध, त्यातनं चौदा-पंधरा रुपये आणि १८० कॅलरी. पनीर बावीस रुपये आणि दीडशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे लोकांना जे प्रोटीन म्हणून पहिलं आठवतं ते पनीर डाळीच्या चौपट महाग पडतं. सोया चंक्स, ज्याला आपण सोयाबीनच्या वड्या म्हणतो, त्या सुट्ट्या १३० रुपये किलो धरल्या तर दहा ग्रॅमला अडीच रुपये आणि फक्त ६५ कॅलरी. आणि नुसत्या भातातनं दहा ग्रॅम प्रोटीन काढायचं म्हटलं तर साडेचारशे कॅलरी खाव्या लागतात. हा फळा बघून माणसं थांबतात, विचारतात, आणि विशेष म्हणजे बायका जास्त विचारतात.

हुलग्याबद्दल मला जरा जास्त सांगायचंय. खानापूरकडे त्याला कुळीथ म्हणतात. १०० ग्रॅममागे २२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे तुरीएवढं, तेलाचा अंश एक टक्क्याहून कमी, कमी पाण्यात हलक्या रानात येतं. पण बैलाला, घोड्याला घालायचं म्हणून त्याची किंमत राहिली नाही आपल्या ताटात, पाहुणा आला की हुलगा करत नाहीत. पूर्वी आजारातनं उठलेल्याला हुलग्याचं माडगं द्यायचे, शेंगोळे व्हायचे, कढण व्हायचं, आता तरुण सुनांना ते करायची पद्धतच माहीत नाही आणि दोष त्यांचा नाही, कुणी सांगितलंच नाही. रात्री भिजत घालायचा, सकाळी ते पाणी टाकून द्यायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, कुकरला चार-पाच शिट्ट्या जास्त द्यायच्या, फोडणीत हिंग आणि आलं-लसूण सढळ. उरलेल्या कटाचं सार होतं. पोटात वायू धरतो म्हणून जे घाबरतात त्यांनी पहिले काही दिवस अर्धी वाटीच खावी. मोड आणले की प्रोटीन दुप्पट होतं असं बरेच जण सांगतात ते खरं नाही, पचायला सोपं होतं आणि सी व्हिटॅमिन वाढतं एवढं खरं, प्रोटीन आहे तेवढंच राहतं आणि पाणी शिरल्यामुळे वाटीमागे उलट कमी दिसतं. म्हणून हिशोब नेहमी कच्च्या वजनाचा धरावा.

सोयाबीनचं मला वाईट वाटतं. बैलहोंगलपासनं इकडं आपल्या जिल्ह्यात एवढं सोयाबीन पिकतंय, कर्नाटकात जास्त पिकवणाऱ्या जिल्ह्यांत आपला नंबर लागतो, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, म्हणजे किलोला सव्वात्रेपन्न. त्यात प्रोटीन ३५ टक्क्यांच्या वर. आणि ते सगळं तेलाच्या गिरणीला जातं, पेंड कोंबड्यांना जाते. घरात खायचं झालं तर सोयाबीन कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाऊ नये, पचनाला अडवणारे घटक असतात त्यात, चांगलं भाजून दळणात घालावं, नऊ किलो ज्वारी-गव्हाला एक किलो सोयाबीन, चव बदलत नाही. वड्या म्हणजे तेल काढून राहिलेल्या पिठाच्याच असतात, त्यात प्रोटीन ५० टक्क्यांवर, गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून रस्सा केला की खिमा खाल्ल्यासारखं वाटतं. पुरुषांनी सोया खाल्लं की पुरुषी हार्मोन कमी होतं असं तालमीतली पोरं म्हणतात, माफक खाण्यानं तसं काही होत नाही हे संशोधनात तपासून झालंय. थायरॉईडची गोळी चालू असेल त्यांनी मात्र गोळी आणि सोया यांच्यात काही तासांचं अंतर ठेवावं, गोळी नीट अंगी लागत नाही.

आणखी एक, तेलाचं. डाळ वाढवली आणि झुणक्याला पळीभर तेल ओतलं तर कॅलरीचा हिशोब कोलमडला. एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी, आणि आपल्याकडे फोडणीला चमचा कोण वापरतोय, पळी असते. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच-सहा लिटर तेल जाणारी घरं आहेत माझ्याकडे. एनआयएन सांगतंय दिवसाला माणशी २७ ग्रॅम, म्हणजे चार माणसांना महिन्याला साडेतीन लिटर, वजन उतरवायचंय त्याने अडीचवर आणावं. तेलावर वाचलेल्या पैशातनं किलो-दोन किलो कडधान्य आरामात येतं, मी यादी करताना लोकांना हेच सांगतो, माझा धंदा तेलावर जास्त असला तरी. शेंगदाण्याच्या चटणीचंपण तसंच, चमचाभर चटणी चांगली, पण भाकरीबरोबर वाटीभर शेंगा खाऊन प्रोटीन खाल्लं म्हणणं बरोबर नाही, चांगल्या असतात पण कॅलरी फार.

उपवासाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. शुगर असलेली माणसं सोमवार, गुरुवार, एकादशी धरतात आणि वजन उतरेल म्हणून साबुदाण्याची खिचडी खातात. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, आणि १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी, त्यावर तेल-तूप, बटाटा. त्यापेक्षा राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी, त्यात १३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आहे, आणि वाटीभर दही. उपवास मोडत नाही.

एक दिवसाचं ताट मी वजन करून मांडून बघितलं, ते देतो. ६० किलोच्या शाकाहारी बाईसाठी, जिला रोज ५० ग्रॅम लागतं. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून चमचाभर तेलावर दोन घावन, बारा ग्रॅम प्रोटीन तिथंच झालं. पोहे केले असते तर चार. दुपारी ज्वारीच्या दोन लहान भाकऱ्या मिळून १०० ग्रॅम पिठाच्या, ४० ग्रॅम हुलग्याची उसळ, एक पेला ताक, कांदा-काकडी हवी तेवढी, हे सगळं बावीसच्या आसपास. संध्याकाळी चहाबरोबर बिस्कीट-खारीऐवजी मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम, सहा ग्रॅम प्रोटीन. रात्री एक भाकरी, २५ ग्रॅम सोया वड्या घालून पालेभाजी, वीस ग्रॅम. झोपताना किंवा दिवसाच्या चहात मिळून छोटा पेला टोन्ड दूध, पाचेक ग्रॅम. सगळं मिळून ६४-६५ ग्रॅम प्रोटीन आणि दोन वेळचा साखरेचा चहा धरून कॅलरी दीड हजारच्या आसपास, भाजीपाला धरून खर्च साठ रुपयांच्या आत. तीच बाई चहा-बिस्कीट, पोहे, भात-पातळ आमटी, चपाती-बटाटा भाजी असं खात असेल तर कॅलरी तेवढ्याच किंवा जास्त आणि प्रोटीन पस्तीसच्या आसपास. ज्यांना अंडं चालतं त्यांनी घावनाऐवजी दोन उकडलेली अंडी आणि एक भाकरी घ्यावी, तेही छान. मासे-सुकटीवाल्यांना तर सोपंच आहे, कारवार-मालवणकडनं येणारा सुका जवळा मूठभर कांद्यात परतला तरी भरपूर प्रोटीन, फक्त मीठ जास्त असतं म्हणून बीपीवाल्यांनी धुऊन आणि बेताने. चिकन खायचं तर तर्री बाजूला काढून, फोडी जास्त आणि भात कमी, आपल्याकडे होतं काय की एक फोड आणि रस्स्यात कालवून तीन वाट्या भात.

हे प्रोटीन एकाच वेळी खायचं नसतं, तिन्ही वेळच्या जेवणात वाटलं पाहिजे, त्यानं पोटपण भरलेलं राहतं आणि चार वाजता फरसाणाच्या पाकिटाकडे हात जात नाही. वजन उतरवणाऱ्याला खरा त्रास भुकेचाच होतो. भात कमी केलेला निभतो तो उसळीच्या वाटीवर, ग्रीन टीवर नाही.

आता पावडरवाली पोरं. उद्यमबागला आठ-नऊ तास उभं राहून काम करतात, संध्याकाळी जिमला जातात, बारा-पंधरा हजार पगार, आणि त्यातले अडीच हजार एका डब्याला. एका चमच्यात चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, कॅलरीपण कमी, पण एक चमचा ऐंशी रुपयाला पडतो आणि ती पोरं सकाळी मेसला खातात काय तर वडापाव. एनआयएनने २०२४ च्या पुस्तकात अंग कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा असंच सांगितलंय. कुणाला डॉक्टरनी दिली असेल तर ती गोष्ट वेगळी. मी पोरांना सांगतो की आधी दुपारच्या डब्यात उसळ दुप्पट करा, फुटाण्याचं पीठ दोन चमचे ताकात घालून प्या, सहा महिने बघा. आणि लहान मुलांसाठी दुधात घालायच्या ज्या चॉकलेटी पावडरी आहेत त्यांच्याबद्दल तर आयाबायांना हात जोडून सांगावंसं वाटतं, त्यात साखर किती आहे ते डब्याच्या मागं वाचा. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं हेल्थ ड्रिंक म्हणून दाखवू नका म्हणून कळवलं होतं. प्रोटीन त्या दुधात असतं, पावडरीत नाममात्र.

शाळेचंपण बघा. कर्नाटकात सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना २०१३ पासनं राज्य सरकारच्या क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं आणि २०२४ पासनं अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने अंडं आठवड्याला सहा दिवस झालंय. आपल्या मराठी शाळांतल्या पोरांनापण ते मिळतं, हा आपल्या मुलांचा हक्काचा भाग आहे, तो सोडू नये. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांना केळं मिळतं, चांगलं आहे, पण अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन आणि केळ्यात एक, म्हणून त्या मुलांच्या खिशात घरनं मूठभर फुटाणे किंवा शेंगदाण्याचा लाडू दिला पाहिजे. रेशनचं म्हणाल तर अन्नभाग्य या राज्याच्या मोफत तांदळाच्या योजनेतल्या जादा पाच किलो तांदळाऐवजी डाळ-तेल-साखर-मीठ असलेलं इंदिरा किट द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला. रेशनवर डाळ देणं हे योग्यच आहे. माझी मागणी अशी की ती डाळ दर महिन्याला पूर्ण वजनाने मिळावी, आणि आपल्या भागात पिकणारा हुलगा, मूग, चवळी यातलं काहीतरी त्यात असावं. साखर नसली तरी चालेल.

ज्यांना किडनीचा त्रास आहे, क्रिएटिनीन वाढलेलं आहे, युरिक ॲसिडने सांधे सुजतात, त्यांनी हे पत्र वाचून आपल्या मनाने डाळ वाढवू नये, डॉक्टरला विचारूनच करावं. शुगर खूप वर्षांची असेल तर किडनीची तपासणी करून घ्यावी मगच. गोळ्या-इन्सुलिन चालू असताना एकदम भात बंद केला तर शुगर फार खाली जाऊ शकते, तेपण विचारूनच.

संपादक साहेब, तुमच्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. रविवारच्या पुरवणीत रेसिपी येतात त्यात केक, पास्ता, पनीरचे प्रकार असतात, त्याच जागेत महिन्यातनं दोनदा तरी हुलगा, मटकी, मसूर, सोया वड्या यांची साधी पाककृती द्या आणि खाली तीन आकडे छापा, प्रोटीन किती, कॅलरी किती, माणशी खर्च किती. वाटी-चमच्याच्या मापात द्या, ग्रॅमचा काटा प्रत्येकाच्या घरी नसतो. दुसरं म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डॉक्टर मंडळींना आणि आहारतज्ज्ञांना तुमच्या पेपरातनं आवाहन करा की मराठी पेशंटला आहाराचा कागद मराठीत द्या आणि त्यात भाकरी, उसळ, ताक, अंडं लिहा. असा एक कागद कुणी तज्ज्ञाने तपासून दिला तर माझ्या खर्चाने छापून माझ्या दुकानात आणि ओळखीच्या बाकी किराणा दुकानांत ठेवायची माझी तयारी आहे.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेसाठी कापायचं झालं तर पावडरीचं आणि रेशनचं कापा, पण दिवसभराच्या ताटाचा हिशोब, हुलग्याचा भाग आणि किडनीवाल्यांसाठीची सूचना ही मात्र तशीच ठेवा.

आपला नेहमीचा वाचक,
एक किराणा दुकानदार,
वडगाव, बेळगाव